नारायणरावांची अडत

कापूस बाजाराजवळ राहणाऱ्या मास्तराकडे किस्से आपोआप जमतात. पन्नास-साठच्या दशकांत मी अकोल्याच्या एका महाविद्यालयात व्यापारनीती शिकवीत असे. पुस्तकातले धडे विद्यार्थी परीक्षेबरोबर विसरत. सकाळी बाजारात काय घडले, ते मात्र दुपारी आवर्जून सांगत. त्यातले पुष्कळसे एकाच पेढीचे असे.

*

‘प्रामाणिक व्यापाऱ्याची लक्षणे सांगा’, असा प्रश्न मी चाचणीत घातला. मधुकरने दोनच शब्द लिहिले : ‘दुकानात माशा!’

मी त्याला बोलावले.

“सर, माझे वडील अडते आहेत. शेतकऱ्यांचा कापूस विकून देतात. पण माल ओला निघाला तर खरेदीदाराला स्वतःच सांगतात. मग शेतकरी शेजारच्या पेढीवर जातो. मी बी.कॉम. झालो की अमरावतीला नोकरी धरणार. बाबांच्या मागे पेढीला कुलूप!”

मी शून्य दिले. उत्तरात खोडण्यासारखे मात्र काही सापडले नाही.

*

पुढे मधुकरच्या वडिलांना, नारायणरावांनाच मी वर्गात बोलावले. एका विद्यार्थ्याने विचारले, “काका, सारा बाजार खोटे बोलत असेल, तर आपण काय करावे?”

“ऐकून घ्यावं, बापू. आपल्या दुकानात गर्दी नसते, तवा वेळ असतेच!”

*

शेजारच्या अडत्याने तराजूच्या वर देवाची मोठी तसबीर लावली. नारायणराव हात जोडून तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

“काय पाहून राहिले, नारायणराव?”

“देवाले इथं काहून उभं केलं गा? त्याले खोटी साक्ष द्याव लागन!”

दुसऱ्या दिवशी तसबीर आतल्या खोलीत गेली. तराजू तिथेच राहिला.

*

त्या काळी भाव तोंडाने बोलत नसत. उपरण्याखाली हात धरून बोटांनी ठरवीत. मिटलेली मूठ म्हणजे ‘काही नाही’.

मधुकरचे लग्न ठरवायला नारायणराव अकोटला गेले. मुलीचे वडीलही अडतेच. त्यांनी भीत भीत विचारले, “तुमची अपेक्षा?”

सवयीने नारायणरावांचा हात उपरण्याखाली गेला. व्याह्यांनीही सवयीने तो धरला. व्याह्यांचे डोळे भरून आले. ते दाराआडच्या पत्नीला म्हणाले, “अवो, मूठ हाये!”

*

मग नियम बदलला. उपरणी गेली, उघड लिलाव आला. माल पुकारायचा, भाव ओरडायचा. नारायणरावांचा आवाज जन्मात चढला नव्हता. त्यांच्याने एक शब्द पुकारवेना. अमरावतीच्या नोकरीतून सुटीत घरी आलेला मधुकर त्यांच्या जागी उभा राहिला.

पेढीला धरून राहिलेला मोठा शेतकरी आता एकच होता, एका गावचे पाटील. ते गेले की पेढी बंद, हे साऱ्या बाजाराला ठाऊक होते. त्यांच्या कापसाच्या गाड्या आल्या. पाटील हळूच मधुकरला म्हणाले, “पोट्ट्या, वरवर पाह्य. खाली हात घालू नोको.”

मधुकरने कोपरापर्यंत हात घातला. बाहेर काढला. गादीवर बसलेल्या वडिलांकडे त्याने पाहिलेही नाही.

“माल खाली ओला आहे!” त्याने पुकारले.

खरेदीदार गाडीपासून मागे सरले. पाटलांनी बैलांचे कासरे ओढली आणि ते कडाडले, “कोनाचा रे तू?”

गादीवरून नारायणराव उठले. त्यांचा आवाज बाजाराच्या फाटकापर्यंत गेला.

“माहा!”