मामांचे ट्रॅक्टर, मामींची जागा

तंजावर जिल्ह्यात कुठेही एखादा ट्रॅक्टर मरणाला टेकला की त्याच्या मालकाच्या आधी ते आमच्या मामांना कळतं. कसं कळतं, हे मला आजवर उमगलेलं नाही. मालक अजून नव्या ट्रॅक्टरची रंगीत पत्रकं चाळत असतो, कर्जासाठी बँकेत खेपा घालत असतो, आणि इकडे मामा सायकलवरून त्याच्या बांधावर हजर झालेले असतात. डोक्याला पंचा, कपाळाला गोपीचंदन, वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, गुडघ्यावर खोचलेली आणि चेहऱ्यावर दवाखान्यात भेटीला आलेल्या पाहुण्याचा भाव. "काय म्हणतो?" असं ते हलक्या आवाजात विचारतात. हा प्रश्न मालकाच्या तब्येतीबद्दल नसतो.

मामा म्हणजे माझ्या यजमानांचे सख्खे मामा. मामांचं घराणं तंजावरात कित्येक पिढ्यांपासूनचं. घरात बोलणं मराठी, बाजारहाट तमिळ आणि रागावणं इंग्रजी, अशी वाटणी. मामांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कावेरीच्या कालव्यांची पाहणी करत ते गावोगाव हिंडले, आणि पाण्याकडे बघता बघता त्यांचं लक्ष शेतातल्या इंजिनांकडे कधी वळलं ते खात्याला कळलं नाही. मी लग्न होऊन साताऱ्याहून इथे आले तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी मला प्रवास कसा झाला, सांबार चालतं का, असले प्रश्न विचारले. मामांनी मात्र मला समोर बसवून विचारलं, "बैस मा. तुमच्याकडे उसाला कुठला ट्रॅक्टर वापरतात?" मी म्हटलं, पाहिलं नाही कधी. त्यावर त्यांनी माझ्या यजमानांकडे ज्या करुणेने पाहिलं, तिची भरपाई मला पुढे बरीच वर्षं करावी लागली.

आमच्या लग्नानंतर काही वर्षांनी नव्या वस्तूंचा पूरच आला. रस्त्याला एसटीडी बूथ, गच्च्यांवर केबलच्या छत्र्या, आणि बायपासला ट्रॅक्टरची चकचकीत दुकानं. ज्याच्या त्याच्या दारात लाल नाहीतर निळा नवाकोरा ट्रॅक्टर दिसू लागला, आणि जुना चिंचेखाली गेला. काही भंगारवाल्या पेरुमाळकडे गेले. उरले ते मामांकडे आले. पेरुमाळ आणि मामा एकाच मालावर टपलेले असत, पण त्यांची मैत्री गाढ होती. पेरुमाळ मामांना इथल्या रिवाजाप्रमाणे "रायर", म्हणजे आपलं "राव", म्हणे. एखाद्या गावी तो आधी पोचला तर मामांसाठी थांबे आणि तमिळमध्ये म्हणे, "रायर, तुम्ही आधी रडून घ्या, मग मी उचलतो." मामा रडत नसत. ते ट्रॅक्टरभोवती एक प्रदक्षिणा घालत, बॉनेटवर हात ठेवत आणि म्हणत, "हा झोपलाय नुसता."

ट्रॅक्टर आणणं हेही त्यांच्या बाबतीत एखाद्या सोयरिकीसारखं चाले. पापनाशमजवळच्या एका घरी जुन्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर आजीबाई वडाम, म्हणजे तांदळाच्या पापड्या, वाळत घालायच्या. मामा लॉरी घेऊन गेले तेव्हा वडाम ओले होते. ते वाळेपर्यंत मामा तीन वेळा रिकामे परत आले. लॉरीवाला वैतागला तेव्हा मामा म्हणाले, "बाईमाणसाचं वाळवण मोडून कशास न्यायचं? तोही यायला राजी होणार नाही." ट्रॅक्टर राजी होणं ही त्यांच्या लेखी खरी अडचण होती. शेवटी आजीबाईंनी वडाम काढले, डबाभर मामांनाही दिले, आणि तो ट्रॅक्टर आमच्याकडे आला. त्याचं नाव पापनाशमकर पडलं. माझ्या माहेरी गावावरून आडनावं असतात हे त्यांनी माझ्याकडूनच ऐकलं होतं, आणि ते त्यांना इतकं आवडलं की घरातल्या एकाही माणसाला नसलेलं आडनाव त्यांनी प्रत्येक ट्रॅक्टरला दिलं. तिरुवैयारकर हा तापट, पापनाशमकर सोशिक. आणि ओरत्तनाडकर, ज्याची हकीगत मला सांगायची आहे, तो अबोल.

सुटे भाग मिळवण्याची त्यांची रीत निराळी. कोइमतूरच्या एका ओतकाम कारखान्याला ते एसटीडी बूथवरून फोन करत, आणि मापं सांगताना त्यांना मिलिमीटर सुचत नसत. "गोल. इडलीएवढा, पण मधे भोक मेदुवड्याचं. कडेला मुरुक्कूसारखे दाते. जाडी? अधिरसम असतो ना, तेवढी." मुरुक्कू म्हणजे आपली चकली आणि अधिरसम म्हणजे अनारसा; पलीकडच्या माणसाला हे बरोबर समजे आणि भाग अचूक येई. बूथमध्ये रांगेत उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी एकदा त्यांना बाहेर गाठून मुलीच्या लग्नाच्या जेवणाचं विचारलं. मामांनी त्यांना निराश केलं नाही. चांगल्या आचाऱ्याचा पत्ता दिला आणि परतताना त्यांच्या शेतावर जुनं काही पडलंय का ते विचारून घेतलं.

मला पसारा बघवत नाही. एका सुट्टीत मी त्यांचे सगळे बोल्ट, वायसर, पिना वेगवेगळ्या बरण्यांत भरले, चिठ्ठ्या चिकटवल्या आणि मोठं काम झालं म्हणून घरी आले. पुढच्या आठवड्यात पाहते तर बरण्या रिकाम्या, धुऊन ठेवलेल्या, आणि बोल्ट पुन्हा जमिनीवर आपापल्या ट्रॅक्टरच्या पायाशी. "अगे, बरणीत ते घुसमटतात," मामा म्हणाले. "इथे पडले की आपण कुणाचे ते त्यांच्या ध्यानात राहतं." बरण्या मामींनी लोणच्याला घेतल्या. मामींनी कधी काही वाया घालवलेलं मी पाहिलेलं नाही.

आणि अडचण मामींचीच होती. हे सगळे ट्रॅक्टर ज्या जागेत उभे होते, ती तिरुवैयारूच्या रस्त्यालगतची नारळांची वाडी मामींना त्यांच्या वडिलांनी दिलेली. शहरातलं मामा-मामींचं घर माडीवर, जिना अंधारा आणि उभा, आणि मामींचे गुडघे दुखरे. त्यांना या वाडीत जमिनीवरचं दोन खोल्यांचं घर हवं होतं, पुढे बसायला तिण्णै, म्हणजे आपला ओटा. बरीच वर्षं त्या हे मागत होत्या आणि बरीच वर्षं मामा "सरी, सरी, बांधू" म्हणत होते. विटा आल्या, तर त्या रचायला जागा नव्हती; कडेला त्यांचा ढीग पडून राहिला. आणि घराचा पाया यायचा नेमक्या त्याच ठिकाणी ओरत्तनाडकर बसला होता.

ओरत्तनाडकर जर्मन. काळाकभिन्न, पुढे तोंडाशी लोखंडी गोळा असलेला, एकाच सिलिंडरचा अवाढव्य गडी. त्याला उठवायची तऱ्हा अशी की तो गोळा आधी ब्लोलॅम्पने लाल होईपर्यंत तापवायचा. मग स्टिअरिंगचं चाक दांड्यासकट उपसून काढायचं, ते बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाच्या जाडजूड लोखंडी चक्रात, खुपसायचं आणि फ्लायव्हील झुलवत झुलवत एकदम फिरवायचं. इंजिन लागलं की चाक परत जागेवर बसवायचं, तेही चपळाईने. मी प्रथम पाहिलं तेव्हा मला वाटलं, मामा गाडी सुरू करण्याऐवजी मोडतायत. बरं, तो सुरू होई. पण पुढचा गिअर टाकला की मागे जाई, आणि मागचा टाकला की पुढे. मामा आणि त्यांचा वेल्डर सेल्वम यांनी गिअरबॉक्स उघडला, नीट लावला, पुन्हा उघडला, पुन्हा लावला. एक पावसाळा त्यात गेला. शेवटी सगळं सुटं करून पुन्हा जोडल्यावर तो सुरूच होईना. सेल्वमने मामींसमोरच हात टेकले. "अम्मा, याच्या पोटात कोणी उलटी बुद्धी घातली आहे."

तेव्हा मामींनी निकाल दिला. आवाज चढवला नाही, भाजी निवडत होत्या. "आयुधपूजेला मी सगळ्यांच्या चाकांपुढे लिंबं ठेवीन. ओरत्तनाडकर चालला तर राहील. घर पुढे कधीतरी पाहू, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही चालला तर पेरुमाळ त्याला त्याच दिवशी नेईल आणि दुसऱ्या सकाळी गवंडी येतील. चालेल?"

मामा म्हणाले, "चालेल." माझ्या माहितीत हा त्यांनी दिलेला सगळ्यांत बारीक आवाजातला होकार.

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, इकडे सगळी हत्यारं, यंत्रं, वाहनं धुऊन पुसून मांडतात, त्यांना चंदनाचं गंध आणि कुंकू लावतात, केळीचे कोंब बांधतात, आणि शेवटी चाकाखाली लिंबू ठेवून गाडी त्यावरून पुढे नेतात. त्या दिवशी वाडीत पोरी-डाळ्यांच्या राशी (पोरी म्हणजे इकडचे चुरमुरे), हरभऱ्याची उसळ म्हणजे सुंडल, उदबत्त्या, आणि फाटकापाशी ओरत्तनाडकरच्या मागे पेरुमाळची रिकामी लॉरी. तो पूजेलाही आला होता आणि धंद्यालाही. मामी पाय ओढत प्रत्येक ट्रॅक्टरपाशी जात होत्या. त्यांचा गंध लावण्याचा नेम कडक: जे जे फिरतं त्याला ठिपका. पंख्याला, पट्ट्याला, चाकांना. ओरत्तनाडकरच्या फ्लायव्हीललाही त्यांनी हातभर गंध फासून मधे कुंकू लावलं. आजवर ते फ्लायव्हील ग्रीसने काळं, कोणी त्याच्याकडे नीट पाहिलेलंही नव्हतं.

बाकीचे एकेक करून लिंबं चिरडत पुढे गेले. मग मामांनी ब्लोलॅम्प पेटवला. गोळा लाल झाला. मामांनी चाक उपसलं, खुपसलं आणि झुलवायला लागले. एकदा, पुन्हा, पुन्हा. घाम त्यांच्या गोपीचंदनातून खाली आला. सेल्वम "मी येतो" म्हणाला तर त्याला मानेनेच नको म्हटलं. आणि एका झोक्याला आतून कोणी दार ठोकावं तसा आवाज झाला, मग दुसरा, आणि ओरत्तनाडकर धडधडू लागला. नारळाच्या झावळ्या थरथरल्या. मामा आत चढले, चाक बसवलं, पहिला गिअर टाकला.

तो मागे गेला.

पुढची लिंबं जशीच्या तशी. मामांनी क्लच दाबून त्याला थांबवलं आणि मान खाली घातली. पेरुमाळला राहवलं नाही. "रायर, हा आपणहून माझ्या लॉरीकडे निघालाय." कोणी हसलं नाही, तेव्हा तोही ओशाळला.

मामी मात्र फ्लायव्हीलकडे बघत होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "हे मी लावलेलं गंध उलटं का फिरतं?"

मामांनी वाकून पाहिलं. सेल्वमने पाहिलं. ओल्या गंधाचा पट्टा खरोखरच जिकडून वर यायला हवा तिकडून खाली जात होता. गिअरबॉक्समध्ये काही चुकलेलं नव्हतंच. इंजिनच उलट्या अंगाने लागलं होतं. या जातीचं इंजिन झोका कुठल्या बाजूला बसला त्याप्रमाणे कुठल्याही अंगाने फिरतं आणि त्यातच आनंदात राहतं, हे इतक्या महिन्यांत त्या दोघांच्या मनात आलं नव्हतं. गिअर बरोबर होते, तेच उघडून लावत बसले होते. सेल्वम भुईवर बसला. मामांच्या चेहऱ्यावर आधी लाज आली, मग शोधाचा आनंद, आणि मग मामींच्या अटीची आठवण. कारण कळलं असलं तरी लिंबं पुढेच होती आणि ट्रॅक्टर मागे गेला होता. तो बंद केला तर पुन्हा लागेल याची खात्री नव्हती, आणि मामांच्या खांद्यांत पुन्हा झुलवायचं बळही नव्हतं.

मामींनी क्षणभर विटांच्या ढिगाकडे पाहिलं. मग त्या गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या, पुढची दोन्ही लिंबं उचलली, ट्रॅक्टरला वळसा घालून गेल्या आणि ती मागच्या चाकांच्या मागे ठेवली. ठेवून बाजूला झाल्या.

"अम्मा, पूजेला गाडी पुढे जायची असते," पेरुमाळ म्हणाला.

"चालायचं ठरलं होतं," मामी म्हणाल्या. "कुठल्या बाजूला, ते कोणी विचारलं नाही. लॉरी बाजूला घे पाहू."

लॉरी हलली. ओरत्तनाडकर मागे गेला, लिंबं फुटली, आणि मामींनी हात जोडले. पेरुमाळला पोरीचा मोठा पुडा मिळाला. मामींनी त्या दिवशी किंवा नंतर घराचा विषय काढला नाही.

मामांनी काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोरी आणि खुंट्या घेऊन वाडीच्या पूर्वेच्या कडेला मापं घेत होते. तिथे तिरुवैयारकर आणि पापनाशमकर उभे होते. दोघेही उत्तम चालणारे. आणलेला ट्रॅक्टर मामांनी तोवर कधीही कुणाला दिलेला नव्हता. मागणाऱ्यांना ते "मुलगी दाखवायची नाही आमच्याकडे" म्हणून वाटेला लावत. त्या महिन्यात त्यांनी दोन्ही दिले. पहिला एका ओळखीच्या शाळेच्या शेताला. दुसरा, लहानसा तुकडा कसणाऱ्या एका शेतकऱ्याला, ज्याला नवा परवडण्याजोगा नव्हता. तिकडे जाताना मी बरोबर होते. मामांनी त्याला सगळं समजावलं, मग पुन्हा पहिल्यापासून समजावलं. "काम नसलं तरी रोज एकदा सुरू कर. नुसता बसला की त्याला वाईट वाटतं." शेतकरी म्हणाला, "रायर, अधूनमधून बघायला या." मामा म्हणाले, "नाही पा. तुझा आहे आता." बसमध्ये ते तंजावर येईपर्यंत माझ्याशी साताऱ्याच्या उसाबद्दल बोलत राहिले.

घर झालं. दोन खोल्या, तिण्णै, जमिनीवर. मामी संध्याकाळी तिण्णैवर पाय लांब करून बसतात. समोर, जिथे पापनाशमकर उभा असायचा, तिथे त्यांनी मोगऱ्याची कलमं लावली. ती लागत नाहीत. इतक्या वर्षांचं ऑइल आणि डिझेल जमिनीत मुरलंय, तिथे गवतही येत नाही, हे मी मामांना स्पष्ट सांगितलं. माती बदलून घ्या, म्हटलं. ते "सरी" म्हणाले. अजून बदललेली नाही. रोज उन्हं उतरली की मामा बादली घेऊन येतात, त्या उघड्या काळ्या जागेला सावकाश पाणी घालतात, आणि मामी तिण्णैवर पाय आखडून त्यांच्यासाठी जागा करून ठेवतात.