सासरे आदिमानव झाले त्याची गोष्ट

राष्ट्रीय संग्रहालयात पुतळे घडवणारा एक कारागीर होता. हातात कला, तोंड मात्र फटकळ. नवं दालन उघडायचं ठरलं तेव्हा वरून हुकूम आला: या भूमीवरचा पहिला माणूस दगड फोडत बसलेला दाखवा. तो दिसायचा कसा, यावर तज्ज्ञांचं एकमत होईना आणि उद्घाटन तर तोंडावर आलेलं. यानं घरी आरामखुर्चीत घोरणाऱ्या सासऱ्यांकडे पाहिलं आणि प्रश्न मिटला. रुंद नाक, पुढे आलेलं कपाळ, सगळं तयारच होतं.

उद्घाटनाला सासरे कडक इस्त्रीत गेले आणि कमरेला कातडं गुंडाळलेल्या स्वतःसमोर उभे राहिले. घरी येऊन म्हणाले, "मुलगी दिली तुला, आता अब्रूही घेतलीस!" मग मरेपर्यंत जावयाशी बोलले नाहीत. तोवर तो चेहरा शाळेच्या पुस्तकात गेला, टपालाच्या तिकिटावर गेला. देशभरची पोरं त्यांना पूर्वज मानू लागली. कारागिराला कल्पनाशक्ती फारशी ताणावी लागली नसेल, असं शेजारी म्हणायचे. मी नाही म्हणत.

सासऱ्यांच्या स्वारीला फोटोचं वावडं होतं. त्यामुळे ते गेल्यावर सासूबाईंना हा एवढाच चेहरा उरला. त्या दालनात जाऊन त्याच्यासमोर बसायच्या, घरातल्या कागाळ्या सांगायच्या.

पुढे संग्रहालयानं कात टाकायची ठरवली. पुतळे जाणार, स्क्रीन येणार.

"जावईबापू, यांना घरी आणा," सासूबाई म्हणाल्या. एरवी त्यांनी जावयाकडे कधी काही मागितलं नव्हतं.

कारागीर साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, "सरकारी वस्तू आहे, बाहेर जाणार नाही. इथंच फोडायची."

"आणि फोडल्यावर?"

"मग काय, कचरा. न्या खुशाल."

कारागिरानं करवत आणली. मानेवर टेकवली आणि तिथंच अडकला. हात पुढे सरेना. सासूबाई शेजारी उभ्या होत्या.

"चालवा हो. फक्त डाव्या कानाला लागू देऊ नका, आधीच कमी ऐकायचे त्यानं."

करवत चालली. डोकं टॉवेलात गुंडाळून दोघं निघाली, तर दारावर पहारेकऱ्यानं हटकलं, "आजी, काय नेताय?"

"कचरा," जावई म्हणाला.

सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की टॅक्सीत तो पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. टॉवेल बाजूला सारून त्यांनी डोकं मांडीवर घेतलं आणि बाहेरचं दिसावं म्हणून त्याचं तोंड खिडकीकडे केलं.