नजीरभाईची काळी-पिवळी स्क्रीन

दारव्ह्याचा नजीरभाई तसा सरळ माणूस, पण वर्षा या पोरीचं नाव निघालं की त्याच्या पोटात दुखायचं. आणि दुखणार नाही तर काय होईल हो? बारा वर्षं हा माणूस धान्याच्या खरेदी केंद्रांना काटापट्टीचं सॉफ्टवेअर बनवून देत होता. काट्यावरचं वजन कॉम्प्युटरवर यायचं, मापारी बटण दाबायचा, वजनाची छापील पट्टी निघायची. एक बटण जरी बदललं तरी पेन ड्राइव्ह खिशात टाकून मोटारसायकलवर गावोगाव हिंडायचं आणि एकेका कॉम्प्युटरवर नवा प्रोग्राम बसवायचा. जिथं जाईल तिथं खुर्ची, चहा, ‘या नजीरभाई’.

मग बोरी अरबजवळच्या तांड्यावरची वर्षा आली. माऊस धरायला ती त्याच्याच जुन्या कॉम्प्युटर क्लासात शिकलेली. पुण्यात नोकरी करून परतली आणि नव्या फ्रेमवर्कवर असं अ‍ॅप बांधलं, की तेच कॉम्प्युटरवर चालायचं, तेच मोबाइलच्या ब्राउझरमध्येही उघडायचं. घरी बसून एकदा बदल केला की सगळीकडे पोचला. दोन महिन्यांत नजीरभाईची दहा केंद्रं तिच्याकडे गेली. उरलं एक, बाभुळगावच्या शंकरसिंगांचं. तेही गेलं की त्याचा धंदाच संपला.

तिचं अ‍ॅप त्यानं चोरून पाहिलं होतं. देखणं होतं मेलं! पांढऱ्याशुभ्र स्क्रीनवर नाजूक राखाडी अक्षरं. तो आधी जळला, मग गालातल्या गालात हसला. मापाऱ्यांच्या खिडक्या बहुतेक पश्चिमेच्या. चारनंतर ऊन थेट स्क्रीनवर, त्यात राखाडी अक्षरं दिसणार कुठून? त्याची स्वतःची स्क्रीन काळीकुट्ट, वर हळदीसारखी पिवळी ढोबळ अक्षरं. लोक टिंगल करायचे, पण ती त्यानं मापाऱ्याच्या खुर्चीत बसून ठरवली होती. पोरीला सांगावं असं एकदा मनात आलं. कायले सांगू, म्हणून तो गप्प बसला.

शंकरसिंगांनी दोघांनाही एकाच दिवशी बोलावलं, दोन्ही चालवून पाहू म्हणाले. नजीरभाईनं मुद्दाम चारची वेळ मागून घेतली. झालंही तसंच. मापारी फुलसिंग तिच्या स्क्रीनपुढं हाताचा आडोसा धरून बसला, वजन काही दिसेना; शेजारी नजीरभाईच्या काळ्या स्क्रीनवर मात्र लख्ख दिसत होतं. बाकीच्या केंद्रांवरचे मापारीही हेच सांगतात म्हणाला, पण एवढ्या शिकलेल्या पोरीला सांगणार कोण! नजीरभाईची छाती फुगली.

वर्षा भांडली नाही. फुलसिंगला उठवून त्याच्या खुर्चीत बसली, उन्हाकडे पाहिलं आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. दहा मिनिटांत स्क्रीन काळी, अक्षरं पिवळी आणि मोठी. इथं झाली, आणि त्याच वेळी त्या दहाही ठिकाणी झाली. नजीरभाईला यालाच आठवडा लागला असता. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शंकरसिंगांनी तिच्याकडे पाहून मान डोलावली आणि शेवटचं केंद्रही तिच्याकडे गेलं.

वर्षानं त्याच्या काळ्या-पिवळ्या स्क्रीनकडे पाहिलं आणि त्याच्याकडे वळली. “चाचा, तुमाले हे पयलेच दिसलं होतं ना?”

“दिसलं होतं.”

“मंग सांगतलं काहून नाही?”

नजीरभाईजवळ चार सबबी तयार होत्या; त्या त्यानं बाजूला सारल्या. “जळून राह्यलो होतो, बेटा,” तो म्हणाला.

तिनं एक खुर्ची ओढली. मग त्याला शेजारी बसवून घेतलं आणि अजून काय काय दिसतं ते विचारलं. दिसत तर पुष्कळ होतं. घामेजल्या बोटाला बटण लहान पडतं. पट्टी छापण्याआधी शेतकऱ्याला वजन वाचून दाखवायला अ‍ॅप थांबतच नाही. तो सांगत गेला, ती तिथल्या तिथं बदलत गेली, आणि तिचं अ‍ॅप जसजसं सुधारत गेलं तसतसा त्याच्या पोटात भडका उडत राहिला. तरी तो उठला नाही.