बायजाबाईची पात

सिहोऱ्यात धानाच्या रोवणीला बाया पुष्कळ मिळतात, पण बायजाबाईच्या बारा बाया मिळाल्या की शेतकरी निश्चिंत होतो. पंचवीस वर्षं ती या टोळीची म्होरकी आहे. तिचा हात चालतो, आणि तोंड त्याहून जास्त चालतं. तिचा नेम एकच. एकदा पात लागली की बायांनी एका ओळीत वाकून मागे मागे सरकत जायचं, आणि मागचा धुरा, म्हणजे बांध, टाचेला लागेपर्यंत कोणी कंबर सरळ करायची नाही. तिच्या लेखी मोडलेली पात म्हणजे मोडलेलं नाव, आणि नावाची तिला भारी हौस.

गेल्या साली मुलाचं, प्रवीणचं लग्न झालं आणि बारावी शिकलेली अंजू सून म्हणून घरात आली. यंदा ती पहिल्यांदाच टोळीत उतरली. तिचा हात इतका चपळ की आपल्यामागं हीच टोळी सांभाळणार, असं बायजाबाईनं मनातल्या मनात ठरवूनही टाकलं. तोंडावर मात्र कौतुकाचा एक शब्द नाही. सुनेला डोक्यावर बसवायचं नसतं, हे तिचं शास्त्र.

तिसऱ्या दिवशी अंजू मागे पडू लागली.

"काहून व, बदकावानी चालून राहिली?" बायजाबाईनं सगळ्यांसमोर विचारलं. बाया फिदीफिदी हसल्या. अंजूही हसली, पण तिचे डोळे भरले होते.

संध्याकाळी ती चुलीपाशी येऊन म्हणाली, "आत्याबाई, उद्यापासून मी रोवणीले नाही येत."

"काहून?"

अंजू तशीच न्हाणीत गेली. बायजाबाईचं डोकं सणकलं. पण न्हाणीत पाणी पडलं आणि अंजू कळवळली, तशी सासू आत शिरली. पोरीच्या जांघेत कातडी लालभडक झाली होती, जागोजागी सोलली होती.

"त्या प्याडनं झालं हे! आमच्या वेळेस कपडा होता, तवा असं काही नव्हतं," ती तणतणली.

हे साफ खोटं होतं. जाडाभरडा कपडा तिलाही दर रोवणीत असाच काचायचा. खोबरेल तेल लावून ती गप्प बसायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी चिखलात उतरायची. बोलता बोलताच तिला ते आठवलं आणि तिची जीभ अडखळली.

सकाळी ती सुनेला घेऊन उपकेंद्रात गेली. तिथल्या नर्स करुणाताईंनी तपासलं, मलम दिलं.

"प्याड भिजते, घामानं अन् पाण्यानं. मंग तेच दिवसभर घासते. चार-पाच घंट्यांनी बदलाचं, साध्या पाण्यानं धुवाचं, कोरडं करून दुसरं घ्याचं. वासाचं प्याड नको. लाली उतरली नाही त परत ये. दिवसातून किती डाव बदलवते तू?"

"शेतावर असली त एकबी डाव नाही."

"काहून?"

अंजूनं सासूकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "पात मोडते ना."

रस्त्यानं कुत्र्यालाही टोमणा मारल्याशिवाय न जाणारी बायजाबाई सुनेच्या मागं मागं चालत घरी आली. तिला स्वतःची लाज वाटत होती.

दोन दिवस तिनं अंजूला घरीच ठेवलं. तिसऱ्या दिवशी श्यामरावांच्या धानाच्या बांधीत टोळी उतरली. बायजाबाईनं घरून एक जुनं लुगडं, झाकणाची बादली आणि धुतलेली सुती फडकी आणली होती. धुऱ्यावरच्या दोन पळसांना तिनं लुगडं बांधलं, आत बादलीत स्वच्छ पाणी आणि पुसायला फडकी ठेवली. जिला प्याड बदलायचं असेल तिनं पात सोडून इथं यायचं, असं सांगितलं. बायांनी ऐकलं, माना हलवल्या आणि पात धरली. दुपार झाली तरी कोणी उठेना. पंचवीस वर्षांचा नेम एका लुगड्यानं थोडाच सुटतो!

पात अर्ध्यावर होती. बायजाबाईनं हातातली पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, पेंडी खाली टाकली आणि कंबर सरळ केली. बाया बघतच राहिल्या.

"बाई, काम काहून थांबलं?" लांबून श्यामराव ओरडले.

"बायांचं काम आहे. तुमी तोंड तिकडं करा!"

रोवलेली रोपं चुकवत ती धुऱ्यावर चढली आणि पडद्याआड गेली. तिची पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. आत तिला काही करायचं नव्हतं. ती नुसती उभी राहिली, थोडं पाणी उगाच सांडलं आणि बाहेर आली.

"हं, आता कोण?"

मग अंजू उठली. तिच्यामागोमाग एक उठली, दुसरी उठली, बघता बघता चौघी धुऱ्याकडे निघाल्या. त्या दिवशी अंजूला फिदीफिदी हसणाऱ्यांतल्याच या चौघी.

बायजाबाईला भडभडून आलं. इतकी वर्षं या सगळ्या तिच्याच शेजारी वाकून हे सोसत होत्या. चिखलाच्या हातानंच तिनं डोळे पुसले, तर सगळं तोंड चिखलानं माखलं. अंजूला हसू आवरेना.

"दात काय काढून राहिली?" बायजाबाई खेकसली. "जा, तू पयले जा. अन् बाकीच्या रांगेनं!"