अप्पांनी शिकवलेले रंग

माझ्या सासऱ्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणायचो. जळकोटला त्यांचं कापडाचं दुकान, पुढं दुकान आणि मागं घर. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं जात राहिली आणि आम्हाला कळायला उशीर झाला. चौकटीला खांदा घासायचा, भाजी ताटाबाहेर सांडायची, आणि आम्ही म्हणायचो, वय झालं. सोलापूरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही. थेंब नेमानं घातले तर उरलेली काही दिवस टिकेल.

घरी आल्यावर ‘परत येत नाही’ हे वाक्य कुणीच पुन्हा उच्चारलं नाही. सासूबाई म्हणायच्या, महादेव बघून घेईल. माझे यजमान म्हणायचे, हैदराबादला दाखवू. मीही थेंब घालताना रोज म्हणायचे, "आज डोळे बरे दिसायलेत, अप्पा." ते नुसतं "हं" म्हणायचे.

एका दुपारी गावातल्याच एका बाईनं लेकीच्या ओटीसाठी हिरवा खण मागितला. अप्पांनी तागा काढला, मापून कापला, घडी घालून पुढं केला. बाई हसून म्हणाली, "अप्पा, म्या हिरवा म्हनलं. ह्यो निळा हाय की." तिच्या मनात काही नव्हतं. अप्पांनी कात्री खाली ठेवली, "आलोच" म्हणून मागं घरात आले आणि त्यानंतर चार महिने दुकानाची पायरी चढले नाहीत.

त्या चार महिन्यांत मी त्यांची फार सेवा केली, असं मला वाटायचं. पाण्याचा तांब्या हातात, भाकरी कुस्करून ताटात, चपला पायाजवळ. ते मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेले.

आमच्या घरात सकाळी अंघोळीनंतर लिंगपूजा असते. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा आणि लिंगाकडं एकटक बघत बसायचं. अप्पांनी कधी पूजा चुकवली नव्हती, पण हल्ली ते दार लोटून घ्यायचे. एका सकाळी बेलाची पानं द्यायची राहिली म्हणून मी दार ढकललं. ते चटईवर बसले होते. भस्म धोतरावर सांडलं होतं. तळहात पार नाकापाशी नेलेला.

"हातात हाय," ते म्हणाले. "वजन लागतंय. पर दिसंना."

रोजचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते कसं मागं फिरलं मला माहीत नाही. मी म्हणाले, "व्हय अप्पा. आता ते दिसणार न्हाय."

त्यांनी तळहात हळूच मांडीवर टेकवला.  मग त्यांचे खांदे हलायला लागले. एवढा ताठ माणूस रडताना मी कधी पाहिला नव्हता. मी त्यांना गप्प केलं नाही.  मी जमिनीवर बसले आणि मलाही रडू आलं.

पुष्कळ वेळानं त्यांनी डोळे पुसले. "समदे मला बरं करायलेत," ते म्हणाले. "माझं काय गेलं, ते कुनी इचारंना. एकट्यालाच सुतक आल्यागत झालं होतं, पोरी."

त्या दिवसापासून मी आधी विचारायला लागले. हात धरू का, म्हटलं तर म्हणाले, "तू धरू नको. मी तुझा खांदा धरतो, तू पुढं चाल." खोलीत शिरताना आवाज द्यायचा, उठून जाताना सांगायचं, हे त्यांनीच शिकवलं. एकदा झाडताना मी खाट सरकवली आणि ते तिथं धडपडले. केवढे ओरडले माझ्यावर. मी खाट जागेवर नेली, माझं चुकलं असं म्हटलं, तरी ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

दुकान आता माझे यजमान बघायचे. तिथं नवा माल आला तेव्हा मी अप्पांना सांगितलं, "एक तागा गुलाबी हाय."

"गुलाबी म्हंजे कसला? रानी? आबोली? का कांद्याच्या सालीचा?"

मला सांगता येईना. ते खाटेवर सरसावून बसले. "घिऊन ये हिकडं." मी ताग्यामागून तागा आणत गेले, ते बोटांनी पोत बघत आणि मला प्रश्न विचारत. पिकल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा की सालीसारखा? मोरपंखी की नुसता हिरवा? जन्मभर ज्याला मी लाल म्हणत आले, त्यात पाच-सहा रंग निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच टोपी घातली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून ते दुकानात येऊन बसले.

उरलेली नजर दुसऱ्या वर्षी गेली. चहा घेताना त्यांनी सांगितलं, "आज खिडकीचा उजेडबी गेला." मी कप ठेवला आणि त्यांचा हात धरून बसले. चहा निवला.

पुढं एकदा तामलवाडीचा एक शेतकरी बायकोबरोबर आला. तिचं माहेर जळकोटचं. साखरेच्या आजारानं त्याचे दोन्ही डोळे गेले होते. "ह्येंना कायतरी सांगा, अप्पा," ती म्हणाली. "आठ दिस झालं, तोंडातनं शबूद न्हाय."

अप्पांनी त्याला शेजारी गादीवर बसवून घेतलं. "कशाचा लई तरास होतो?" त्यांनी विचारलं आणि थांबले.

गादीची कड चाचपत तो म्हणाला, "लेक सासरहून येती. आवाज वळखतो. पर ती वाळली का भरली, कळंना."

"आवो, बरं हुईल समदं," बायको घाईनं म्हणाली. मी तिच्या दंडाला हात लावला आणि चहाच्या निमित्तानं तिला आत घेऊन आले. चहा उकळत असताना बाहेरून त्याचं रडणं ऐकू आलं. ती ताडकन उठली.

"बसा," मी म्हणाले. "अप्पा हायत तिथं."

आम्ही चहा घेऊन गेलो तेव्हा दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले होते.  अप्पांचा हात त्याच्या पाठीवर होता. बायकोनं कप त्याच्या हाताला लावला.

"तू घेतलास का च्या?" त्यानं तिला विचारलं.

"घेते की," ती म्हणाली आणि पदरानं नाक पुसत त्याच्याजवळ टेकली.