नवार ओढायला दोघं लागतात

जव्हारला आमच्या घरी बाहेरच्या खोलीत एक लांब बैठक आहे. सहा फूट लांब, सागवानी, वर हिरव्या रेक्झिनची गादी. नवखे पाहुणे तिच्यावर बसून चहा पितात. ती आधी काय होती हे ज्यांना ठाऊक आहे ते दाराजवळची प्लास्टिकची खुर्ची ओढून घेतात. मी आग्रह करत नाही.

तो पलंग होता. वावर-वांगणीच्या पाड्यांवर कुपोषणाने मुलं गेली, त्यानंतरच्या वर्षांत आमच्या भागात अधिकाऱ्यांची ये-जा फार वाढली होती. बदलून आलेला साहेब घर मांडायचा आणि पुढची बदली झाली की घाट उतरून सामान न्यायचा कंटाळा करायचा. गावातल्या कितीतरी घरांत कुठल्या ना कुठल्या साहेबाचं कपाट नाहीतर टेबल सापडेल. आमच्याकडे एका साहेबाचा नवारीचा, म्हणजे सुती पट्ट्यांनी विणलेला, पलंग आला. माझे यजमान तहसील कचेरीत कारकून होते, मी शाळेत शिकवत होते. आम्ही दोघांनी मिळून घेतलेली ती पहिली मोठी वस्तू.

आमच्या पावसात सुती नवार ओल धरते, सैल पडते आणि पलंगाची झोळी होते. म्हणून दर वर्षी दिवाळीच्या आधी सासूबाई गावाहून, साखरशेतहून यायच्या. पाय चौकटीला टेकवून त्या नवार ओढायच्या आणि ओढलेली पट्टी सैल पडू नये म्हणून हे समोरून घट्ट धरून ठेवायचे. मी त्या वेळी चहा करत असे. त्या कामात तिसऱ्याला जागा नव्हती.

दोन हजार साल उलटल्यावर हे आजारी पडले. वर्षभर त्याच पलंगावर होते. शेवटच्या दिवशी, भाद्रपदातल्या एका दुपारी, घरात आम्ही दोघंच होतो. मी त्यांना वाचून दाखवत होते. श्वास बदलला तेव्हा मला कळलं. माणूस जायच्या वेळी त्याला खाटेवरून खाली जमिनीवर घेतात, हे मलाही ठाऊक होतं. मी पुस्तक ठेवलं आणि त्यांच्या खांद्याखाली हात घातला. ते म्हणाले, "खाली नको. गार आहे."

मी हात काढून घेतला.

दिवसकार्य होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं आणि प्रत्येकाने आपापल्या परीने मला विचारलं, की खाली घेतलं होतंस ना? मी नाही म्हणायची. का, ते सांगत नसे. ते शब्द माझ्यासाठी होते, पंचायतीपुढे ठेवण्यासाठी नव्हते. सासूबाईंनी काहीच विचारलं नाही, तेच जास्त लागलं. तेराव्याला दिरांनी सर्वांसमोर सांगितलं की खाटेवर माणूस गेलं की खाट घराला बाधते, रविवारी टेम्पो घेऊन येतो आणि नदीपलीकडे टाकून देतो. "वहिनी, झालं ते झालं. आता तरी रीत पाळा."

आता तरी. मला त्या दोन शब्दांचा राग आला. पलंग दाराबाहेर गेला असता, तर माझ्या हातून त्यांचं काही वाईट झालं हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं. मी मान हलवली नाही, वादही घातला नाही. मला वाद घालता येत नाही.

पण तो पलंग तसाच ठेवून त्याच्यावर झोपणंही मला शक्य नव्हतं. शुक्रवारी मी सुताराला बोलावलं. त्याने चार फुटांची रुंदी सव्वादोनवर आणली. डोक्याकडची आणि पायाकडची फळी कापून दोन्ही टोकांना हात झाले आणि उरलेल्या लाकडाची पाठ झाली. शनिवारी स्टँडवर काळ्या-पिवळ्या जीपच्या सीटा शिवणारा म्हातारा आला. बैठक तिघांची हवी म्हटल्यावर त्याने विचारलं, "बाई, जीपमधले तिघं, का साहेबाच्या घरचे तिघं? जीपच्या तिघांत मी सहा बसवतो."

हे गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले. सासूबाई आतल्या दारात बसल्या होत्या, त्यांनी तोंड फिरवलं.

म्हाताऱ्याचं म्हणणं होतं की खाली प्लायवूड टाकू. मी म्हटलं, नवार तीच राहील. त्याला नवारीची सवय नव्हती. तो पट्ट्या नुसत्या गुंडाळत गेला. अर्धं काम झालं होतं तेव्हा सासूबाई उठल्या, येऊन उभ्या राहिल्या आणि तळव्याने वीण दाबून पाहिली.

"पोर झोपवायचंय काय हिच्यात?" त्या त्याला म्हणाल्या. "सोड सगळं."

त्याने सोडलं. तो बाजूला बसून बिडी पेटवायला लागला, तर त्यांनी त्याला अंगणात पाठवलं. मग साडीचा पदर खोचून त्यांनी चौकटीला पाय लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "धर."

मी धरली. मला ते काम येत नव्हतं. पट्टी दोनदा हातातून निसटली आणि दोन्ही वेळा त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. एक आडवी, एक उभी, एक वरून, एक खालून. आम्ही अर्ध्यावर आलो असू. त्या ओढता ओढता थांबल्या.

"काय म्हणाला तो?"

त्यांनी काय विचारलं हे मला लगेच समजलं. मी सांगितलं.

"गार आहे म्हणाला?"

"हो."

त्यांनी पुढची पट्टी ओढली. इतकी जोरात, की माझी बोटं चौकटीखाली चेपली. मी पट्टी सोडली नाही. काम संपल्यावर म्हाताऱ्याला आत बोलावून त्यांनी एवढंच बजावलं, की गादी ठोकून बसवू नकोस, सुटी ठेव, नवार वर्षाला ओढावी लागते. त्याच्याकडे सीटांचं हिरवं रेक्झिन शिल्लक होतं. काथ्या आणि कापूस भरून संध्याकाळपर्यंत त्याने गादी आणि पाठ दोन्ही केल्या. खोलीला नव्या जीपचा वास यायला लागला.

रविवारी दीर टेम्पो घेऊन आले. बाहेरच्या खोलीत पाऊल टाकलं आणि थबकले. मी बैठकीवर बसले होते. घरात मोठी माणसं असताना बाहेरच्या खोलीत मी उंच जागी कधी बसले नव्हते. त्या दिवशी बसले आणि उठले नाही.

सासूबाई माझ्या मदतीला आल्या. म्हणाल्या, "ती खाट मोडली रे. हे बाकडं हाय. बाकड्यावर कोणी गेलेलं नाय."

ती पळवाट चांगली होती. दिरांनाही ती चालली असती. त्यांचा चेहरा सैल पडलेला मला दिसला. मी गप्प राहिले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं आणि गप्प राहणं मला जन्मभर जमलेलं आहे.

"हा तोच पलंग आहे," मी म्हटलं. "हे याच्यावरच गेले. मी खाली घेतलं नाही, आणि घरातून पलंगही काढणार नाही."

दीर दाराकडे मागे सरले. मग म्हणाले, "मग या घरात माझं पाणी नाही." आईला म्हणाले, चल. सासूबाई हलल्या नाहीत. रिकामा टेम्पो गेल्यावर मला म्हणाल्या, "बाय, तुला बोलायला नको होतं." आणि खाली जमिनीवर बसून त्यांनी बैठकीला पाठ टेकवली.

त्या तिच्यावर कधीच बसल्या नाहीत. पण जिवंत होत्या तोवर दर दिवाळीच्या आधी साखरशेतहून जीपने यायच्या, गादी उचलून भिंतीला लावायच्या, पदर खोचायच्या आणि म्हणायच्या, धर. दुसऱ्या वर्षापासून माझ्या हातून पट्टी निसटली नाही. दीर आले नाहीत. अजूनही आलेले नाहीत.

सासूबाई साखरशेतलाच वारल्या. त्यांना वेळेवर खाली घेतलं होतं, असं मला मुद्दाम सांगण्यात आलं. सारवलेली जमीन, पावसाळ्याचे दिवस. गारच असणार. मी ते तिथं बोलले नाही, इथं लिहिते आहे.

आता नवार ओढायला दुसरं कोणी नसतं. मी पट्टी खिडकीच्या गजाला बांधते आणि चौकटीला पाय लावून ओढते. सासूबाईंच्या हातची वीण यायची तशी घट्ट येत नाही. मार्गशीर्षापर्यंत पुन्हा मध्ये खळगा पडतो. त्या खळग्यात बसून मी वाचते.