आठची घंटा आणि मी विचारलेला एक प्रश्न

ती जबाबाची खोली आठवली की आजही माझे कान गरम होतात. एवढ्या वर्षांच्या पोलिसी नोकरीत इतका मोठा गाढवपणा मी दुसरा केलेला नाही. केला असेल, तर तो फक्त बायकोला ठाऊक असेल.

वडील इंजिनियर म्हणून अमेरिकेत आले. त्यांच्यामागून मी आलो आणि राज्याच्या पोलिसात भरती झालो. सातारच्या नातेवाइकांना वडिलांनी कित्येक वर्षं "मुलगा सरकारी नोकरीत आहे" एवढंच कळवलं. शेवटची काही वर्षं मी सार्जंट म्हणून राज्याच्या एका मनोरुग्णालयाच्या आवारात होतो. आवार एखाद्या गावाएवढं. त्याला स्वतःचे पोलीस, स्वतःचं अग्निशमन केंद्र, फाटकावर गार्ड. आम्हा सगळ्यांची युनियन एकच, आणि त्या आवारातला तिचा प्रतिनिधी मी. निवडून आलो होतो. ज्या बैठकीला मी गैरहजर होतो, त्याच बैठकीत.

न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडून तीनेक वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी लोक अग्निशमन केंद्रात केक आणून देत, रस्त्यात थांबून सलाम करत. तिसऱ्या वर्षी केक बंद झाले आणि वरच्या कार्यालयातून "एवढी माणसं लागतात कशाला?" अशी पत्रं यायला लागली. त्याच दिवसांत आवारातल्या धुलाईघराला आग लागली.

कपडे वाळवायच्या यंत्रातून ठिणगी पडली. आगीची सूचना देणारी घंटा वाजलीच नाही. कोणीतरी फोन करेपर्यंत वेळ गेला आणि एका कामगाराचा हात भाजला. चौकशीत रजिस्टर उघडलं, तर त्याच दिवसाची नोंद सापडली: 'सकाळी आठ, घंटेची चाचणी केली, चालू आहे.' खाली सही.

सही जिची होती ती बावीस वर्षं नोकरी झालेली फायरफायटर. तिचं नाव मी सांगणार नाही. केंद्रातली पोरं तिला मोठी बहीण मानत, म्हणून तिला 'थोरली' म्हणू. तिच्यावर आरोप होता सरकारी नोंद खोटी केल्याचा. शिक्षा बडतर्फी, आणि बडतर्फीबरोबर पेन्शनही जाणार.

जबाबाच्या वेळी युनियनचा माणूस शेजारी बसवण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असतो. मी बसलो. बसण्यापूर्वी तिची तयारी करून घ्यायला मला अर्धा तास मिळाला होता. तो मी माझ्या जुन्या केसेस रंगवून सांगण्यात घालवला. ती बिचारी ऐकत राहिली. तिला वाटलं असावं, यातून काहीतरी निघेल.

चौकशी अधिकारी कडक इस्त्रीचा माणूस. तासभर प्रश्न विचारले. थोरली प्रत्येक वेळी एवढंच म्हणाली, "सही माझी आहे." शेवटी त्याने माझ्याकडे पाहिलं. "प्रतिनिधींना काही खुलासा करून घ्यायचाय?"

नव्या भरतीच्या पोरांना मी वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो, की उत्तर माहीत नसेल तो प्रश्न चार लोकांत विचारू नये. आणि मीच ताठ बसून म्हणालो, "एकच प्रश्न. त्या सकाळी तुम्ही घंटा स्वतः वाजवून पाहिली होती ना?"

"नाही," थोरली म्हणाली.

इथे थांबायला हवं होतं. पण एकदा माणूस बोलायला लागला की पोलीस थांबत नाही. माझ्यातला डिटेक्टिव्ह खुर्चीत पुढे सरकला. "मग शेवटची कधी वाजवली?"

"सात महिने झाले. वाजवायची नाही, फक्त सही करायची, असा हुकूम होता."

"कोणाचा?"

"रुग्णालयाच्या उपसंचालकांचा. घंटेने पेशंट बिथरतात म्हणाले."

"लेखी?"

"तोंडी."

चौकशी अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "धन्यवाद सार्जंट. माझं काम तुम्हीच केलंत."

बाहेर व्हरांड्यात थोरलीने मला विचारलं, "सार्जंट, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने होतात?" घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि भाजी ढवळता ढवळता म्हणाली, "अहो, त्या बाईने वकील केला होता की फिर्यादी?"

उपसंचालकांनी दुसऱ्याच दिवशी लिहून दिलं, असा हुकूम आपण कधीही दिलेला नाही. केंद्राचा जुना कॅप्टन निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेला होता. फोनवर तो मासे कसे मिळतात ते सविस्तर सांगायचा आणि घंटेचा विषय निघाला की त्याला ऐकू येईनासं व्हायचं. मग प्रशासनाकडून निरोप आला, की शुक्रवारपर्यंत तिने राजीनामा द्यावा, पेन्शनचा थोडा भाग वाचेल. युनियनच्या अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "घे म्हणावं. याहून चांगलं काही हाती लागणार नाही."

मी तिला निरोप सांगितला. ती बंबाचे पाइप गुंडाळत होती. हात न थांबवता म्हणाली, "नाही."

"विचार तर कर."

"केला. माझी सही खोटी होती, सार्जंट. त्या माणसाचा हात भाजला, त्यातला माझा वाटा मला मान्य आहे. त्याची शिक्षा मला द्या. पण हुकूम कोणाचा होता, तेही त्याच कागदावर लिहा. ते लिहीपर्यंत मी इथून हलत नाही. काढायचं तर काढू देत. मी स्वतःहून जाणार नाही."

बुधवारी मी मुख्य फाटकावर तोंड पाडून उभा होतो. तिथला म्हातारा गार्ड, झुपकेदार मिशांचा, सँडविच खात होता. म्हणाला, "सार्ज, आज त्या पिवळ्या मिठाया नाहीत?"

"कसल्या?"

"मागे वाटल्या होत्यास. आम्हाला ब्रेक मिळवून दिलास तेव्हा. ती घंटा बंद झाली तेव्हाची गोष्ट."

मी त्याच्याकडे वळलो. "घंटेचा आणि तुमच्या ब्रेकचा काय संबंध?"

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आठची घंटा झाली की आतला गार्ड येऊन मला ब्रेकसाठी सोडवायचा. घंटा बंद झाली, तो मनाला येईल तेव्हा यायला लागला. म्हणून तर तुझ्याकडे आलो होतो. तू विचारलंच नाहीस, का येत नाही ते."

खरं होतं. माझी पाळी दुपारची, त्यामुळे आठची घंटा मी कधी ऐकलीही नव्हती. गार्ड म्हणाले, ब्रेक मिळत नाही. मी लगेच टेबलावर मूठ आपटून तक्रार लिहिली. आठवड्याने प्रशासनाचं उत्तर आलं. शेवटची ओळ वाचली, 'दहा मिनिटांची विश्रांती मंजूर', आणि विजयाच्या आनंदात पत्र कपाटात टाकलं. बायकोने मिल्क पावडरचे केशरी पेढे करून दिले. ते मी साऱ्या आवारात वाटले.

कपाट युनियनच्या खोलीत होतं. किल्ली माझ्याकडे. फाइल माझ्या हातची. पत्र निघालं. पहिला परिच्छेद मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला: 'रुग्णांना त्रास होत असल्याने सकाळची घंटा-चाचणी या कार्यालयाच्या सूचनेवरून बंद करण्यात आली आहे. गार्डांनी घंटेची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे विश्रांती घ्यावी.' खाली उपसंचालकांची ठसठशीत सही.

ज्या पुराव्यासाठी मी फ्लोरिडापर्यंत फोन केले, तो जवळजवळ सात महिने माझ्याच कपाटात पडून होता. उपसंचालकांच्या फाइलीतली प्रत कुठे गेली, की तेही माझ्यासारखेच विसराळू, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

शुक्रवारी राजीनाम्याऐवजी युनियनने मागून घेतलेली सुनावणी झाली. उपसंचालक समोर बसले. मी विचारलं, "घंटा बंद करण्याची सूचना तुमच्या कार्यालयाने दिली होती?"

"मुळीच नाही."

"तोंडी?"

"नाही."

"लेखी?"

"लेखी तर शक्यच नाही."

या वेळी उत्तर माझ्या खिशात होतं. मी पत्र काढलं आणि सावकाश वाचलं. आधी पहिला परिच्छेद, मग सही. चौकशी अधिकाऱ्याने पुन्हा पेन खाली ठेवलं, पण या वेळी माझे आभार मानले नाहीत.

थोरलीला खोट्या सहीबद्दल दहा दिवस बिनपगारी निलंबन झालं. अपील करू का, म्हणून मी विचारलं. "नको. ती सही माझीच होती," ती म्हणाली. उपसंचालकांची बदली झाली. बढतीवर झाली असं लोक म्हणतात. सरकार कुठलंही असो, आपल्या माणसांना विसरत नाही.

दहा दिवसांनी ती कामावर आली. त्या दिवशी मी मुद्दाम सकाळी लवकर गेलो. आठ वाजता तिने घंटा वाजवली. धुलाईघरातले कामगार बाहेर आले. हाताला पट्टी असलेलाही त्यांच्यात होता. केंद्रातला फोन खणाणला. पलीकडे नवे उपसंचालक. "कोणाच्या परवानगीने वाजवताय?"

"रजिस्टरमध्ये लिहिलंय, रोज वाजवावी," थोरली म्हणाली. "बंद करायची तर लेखी पाठवा. आमच्या सार्जंटकडे कपाट आहे." आणि तिने फोन ठेवला.

या केसने मला शिकवलं ते फारसं थोर नाही. तोंडी हुकूम देणारा माणूस अडचणीच्या वेळी समोर सापडत नाही, सही करणारा मात्र सापडतो. म्हणून खालच्या माणसाने "लेखी द्या" एवढं म्हणायला शिकावं. ते म्हणताना आवाज कापतो. म्हणून शेजारी कोणीतरी बसलेलं असावं. युनियन म्हणजे एवढंच. शेजारी बसलेला माणूस माझ्यासारखा बावळट निघाला तरी एकटं बसण्यापेक्षा बरं.

आता आम्ही जर्सी सिटीत बाविसाव्या मजल्यावर राहतो. रहिवाशांच्या समितीवर मी आहे. या वेळी बैठकीला हजर होतो, तरी निवडून आलो. दर महिन्याला मॅनेजर फायर अलार्मच्या चाचणीचा कागद घेऊन येतो. "काका, इथे फक्त सही. लोक घरून काम करतायत, उगाच डिस्टर्ब नको." काका म्हणायला त्याला शेजारच्या पुणेकर पोरांनी शिकवलंय. त्याला वाटतं, काका म्हटलं की सही लवकर मिळते.

"आधी वाजव," मी म्हणतो.

मग बावीस मजले दणाणतात. शेजारचा पोरगा हेडफोन गळ्यात अडकवून दार उघडतो. "काका, यार, मी क्लायंटच्या कॉलवर आहे! बंद करा ना!"

मी घड्याळ बघत उभा असतो. पूर्ण एक मिनिट वाजल्याशिवाय मी पेनाचं टोपण काढत नाही.